सहा दिवस, मग नदी : ल्योंच्या रक्तसाक्ष्यांचं न झालेलं दफन

इ.स. १७७ च्या सुमारास गॉलमधल्या लुग्दुनुम शहरात, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्योंमध्ये, काही माणसांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर पडून होती. प्रेतं म्हणायची इतकंच. श्वापदांनी फाडलेले तुकडे होते, जळून कोळसा झालेले अवयव होते, आणि ज्यांचा शिरच्छेद झाला त्यांची डोकी आणि धडं होती. भोवती शिपायांचा पहारा होता. सहा दिवसांनी ते सगळं जाळलं, राख झाडून गोळा केली आणि जवळून वाहणाऱ्या रोन नदीत लोटून दिली.

कैदी पळू नये म्हणून पहारा ठेवतात. मेलेल्यांवर तो का ठेवावा लागला, आणि ज्यांची ही माणसं होती त्यांनी त्या सहा दिवसांत आणि पुढे काय केलं, एवढ्यापुरता हा अभ्यास आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजातल्या अशा दफनांच्या हकिकती बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेकींचा शेवट बरा होतो: देह मिळतो, रात्री मशाली लावून नेतात, पुरतात. ल्योंमध्ये यातलं काहीच जमलं नाही. न जमलेल्या दफनातून त्या समाजाच्या मनात दफनाला काय जागा होती ते जास्त कळतं, म्हणून हे प्रकरण निवडलं.

एक शब्दाचं सांगतो. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘रक्तसाक्षी’ हा शब्द चालतो आणि इथे तो ‘हुतात्मा’पेक्षा नेमका बसतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार. हुतात्मा म्हटलं की आहुती आठवते. रक्तसाक्षी म्हटलं की न्यायासनापुढे उभा राहून ‘होय’ म्हणणारा माणूस दिसतो, आणि ल्योंमध्ये अक्षरशः तेच घडलं.

हाती असलेला कागद

सगळी माहिती एका पत्रातून येते. ल्यों आणि त्याच्या दक्षिणेला रोनच्याच काठी असलेलं व्हिएन (ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना ते वेगळं) या दोन गावांच्या मंडळ्यांनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजांनी, ते ग्रीकमध्ये लिहिलं आणि आशिया व फ्रुगिया प्रांतांतल्या बांधवांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पाठवलं. अख्खं पत्र आज उरलेलं नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कैसरियाचा बिशप युसेबियस याने ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिताना त्यातले लांबलचक उतारे घेतले, तेवढे वाचले.

पत्र लिहिणारे घरचेच लोक आहेत. त्यांची बाजू आहे, भाषेला भरपूर अलंकार आहेत, सैतान पानापानावर हजर आहे. तरी एका गोष्टीमुळे माझा त्यावर विश्वास बसतो: आपल्यातले कोण कच खाऊन मागे फिरले हेही त्यात लिहिलंय. नुसता गौरवच करायचा असता तर ते गाळणं सोपं होतं.

पत्र इतक्या लांब का पाठवलं? कारण या मंडळीतले बरेच जण तिकडचे होते. अत्तालस पेर्गमचा, वैद्य अलेक्झांडर फ्रुगियाचा. व्यापारउदीम, नोकरी, गुलामगिरी अशा निरनिराळ्या वाटांनी पूर्वेची माणसं रोन नदीच्या काठाने वर सरकली होती. मुंबईत चाकरमानी गेला की आधी गावी कळवायचं, त्यातलाच हा प्रकार.

माणसं आणि खटला

शहर संगमावरचं, रोन आणि सोन या नद्यांच्या. इ.स.पू. १२ मध्ये तिथे रोम आणि ऑगस्टस यांच्या नावाने तिन्ही गॉल प्रांतांची मिळून एक वेदी उभी राहिली. दर ऑगस्टच्या सुरुवातीला गॉलभरचे प्रतिनिधी तिथे जमत, खेळ होत. वेदीजवळच्या टेकडीवर अ‍ॅम्फिथिएटर होतं. त्याचे अवशेष आजही पाहायला मिळतात, आणि ते गायस ज्युलियस रुफस याने बांधल्याचा शिलालेख १९५८ मध्ये तिथेच सापडला. पत्रातही त्या मोठ्या जत्रेचा उल्लेख आहे.

सुरुवात बहिष्काराने झाली. ख्रिस्ती लोकांना आधी घरांत, स्नानगृहांत, बाजारात मज्जाव झाला. मग दगडफेक, लूट, आणि शेवटी भर चौकात चौकशी. सुभेदार आल्यावर खटला उभा राहिला. व्हेत्तियस एपागाथस नावाचा एक प्रतिष्ठित तरुण आरोपींच्या वतीने बोलायला उठला. तूही ख्रिस्ती आहेस का, असं त्यालाच विचारलं गेलं. तो होय म्हणाला आणि आरोपींत जाऊन बसला. काही घरांतले ख्रिस्ती नसलेले गुलाम पकडले गेले. छळाच्या धाकाने त्यांनी सांगितलं की हे लोक पोरं मारून खातात आणि नात्यागोत्यात व्यभिचार करतात. ही साक्ष शहरभर झाली, तसे आतापर्यंत सबुरीने घेणारेही उलटले. पुढे प्रेतांशी जे वागणं झालं त्यातली घृणा या अफवेतून आली आहे.

नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांनी तुरुंगात मरण पावला. व्हिएनचा डीकन (मंडळीचा सेवक) सांक्टस प्रत्येक प्रश्नाला लॅटिनमध्ये एकच उत्तर देत राहिला, ‘मी ख्रिस्ती आहे’. नाव, गाव, गुलाम की स्वतंत्र, काही सांगितलं नाही. कित्येक जण कोठडीतच गुदमरून मेले. अत्तालस रोमन नागरिक निघाल्यामुळे सुभेदाराने बादशहाकडे, म्हणजे मार्कस ऑरेलियसकडे, विचारणा केली. उत्तर आलं: कबूल करतील त्यांना मारा, नाकारतील त्यांना सोडा. नागरिकांचे शिरच्छेद झाले, बाकीचे श्वापदांपुढे गेले. अत्तालस नागरिक असूनही गर्दीच्या मर्जीखातर श्वापदांकडेच गेला. शेवटच्या दिवशी ब्लांदिना नावाची दासी आणि पंधरा वर्षांचा पाँटिकस उरले होते. तो आधी गेला, मग ती. तिला जाळ्यात गुंडाळून वळूपुढे टाकलं होतं. तिची मालकीणही त्याच खटल्यात होती आणि ही नाजूक अंगाची पोर टिकेल का, या काळजीत होती, असं पत्र सांगतं.

मोठ्याने रडले ते कुणासाठी

पत्रात ‘शोक’ हा शब्द सर्वांत भरून कुठे येतो ते शोधलं तर तो मृतांच्या वर्णनात सापडत नाही. तो येतो पहिल्या चौकशीत साधारण दहा जणांनी ‘आम्ही ख्रिस्ती नाही’ म्हणून सांगितलं तिथे. पत्राचा शब्द बोचरा आहे: गर्भ गळावा तसे ते गळले. त्याने आम्हाला अपार दुःख झालं, आकांत झाला, आणि जे अजून पकडले गेले नव्हते त्यांचं अवसान गळालं, असं लिहिलंय. म्हणजे सर्वांत मोठा विलाप झाला तो जिवंत, धडधाकट, घरी जाण्याची आशा असलेल्या दहा माणसांसाठी.

त्यांना घरी जायला मिळालं नाहीच. बालहत्येचा आरोप उभा असल्यामुळे नाकारूनही ते आतच राहिले, इतरांच्या शेजारी. बादशहाचं उत्तर आल्यावर सोडून देण्यासाठी त्यांना पुन्हा उभं केलं, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी ‘आहोत’ म्हणून सांगितलं आणि मरणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसले. अलेक्झांडर वैद्य न्यायासनाजवळ उभा राहून त्यांना खुणेने धीर देत होता, त्यापायी तोही सापडला. या परतण्याचं वर्णन पत्र बाळंतपणाच्या भाषेत करतं: मृत म्हणून गळालेली लेकरं आईला जिवंत मिळाली. आई म्हणजे मंडळी.

युसेबियसने याच पत्रातला आणखी एक तुकडा दिलाय. कैदेतल्या कबुलीदारांना कुणी ‘रक्तसाक्षी’ म्हटलं की ते रागवत. तो मान ख्रिस्ताचा आणि जे गेले त्यांचा, आम्ही नुसते कबूल करणारे, असं म्हणत. आणि गळालेल्यांसाठी ते देवापुढे रडत. त्या कोठडीत रडणारे होते ते मरायला निघालेले, आणि ज्यांच्यासाठी रडायचं ते मरण टाळू पाहणारे. या समाजाने जन्म आणि मरण हे दोन्ही शब्द उलटे करून ठेवले होते. मृत्यूच्या दिवसाला त्यांनी ‘जन्मदिन’ म्हणावं हे त्याच उलटापालटीतलं. मराठी माणसाला हे फार परकं वाटू नये. संतांची पुण्यतिथी आपणही सोहळा म्हणूनच करतो, काल्याचं कीर्तन ठेवून.

आणखी एक बारीक गोष्ट. कैदी न्यायासनाकडे जात तेव्हा त्यांच्या अंगाला असा सुवास येई की त्यांनी अत्तर लावलंय असं काहींना वाटे, असं पत्रात आहे. हा सुगंध म्हणजे लेखकाचा बायबलमधून आलेला अलंकार, हे उघड आहे. तरी मला तिथे थांबावंसं वाटतं. सुगंधी द्रव्यं देहाला लावायची ती मरणानंतर, पुरण्याआधी. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन पुढे चेष्टेने म्हणतो की अरबस्तानचा सुगंधी माल देवांना धूप घालण्यात जाईल त्याहून जास्त ख्रिस्ती लोकांच्या दफनात खपतो. ल्योंच्या लोकांना ते लावायला देह मिळालाच नाही. लिहिताना त्यांनी तो सुगंध आधीच, जिवंतपणी, लावून घेतला.

देह मागायचा रिवाज

मृत्युदंड झालेल्याचा देह मिळणं रोमन राज्यात अशक्य नव्हतं. कायदेपंडित उल्पियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की देह नातेवाइकांना नाकारू नये, खुद्द ऑगस्टस हेच पाळत असे. आता (म्हणजे उल्पियनच्या काळी) मात्र मागणी करून परवानगी घ्यावी लागते, आणि कधी कधी, विशेषतः राजद्रोहाच्या प्रकरणात, ती मिळत नाही. दुसरा पंडित पाउलुस तर म्हणतो, जो कुणी पुरण्यासाठी मागेल त्याला द्यावा. अरिमथाईकर योसेफ रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचा देह मागतो तो याच रिवाजाने. यरुशलेमजवळ १९६८ मध्ये एका कौटुंबिक कबरीतल्या अस्थिपेटीत टाचेच्या हाडात खिळा तसाच राहिलेला सापडला. क्रुसावर मेलेला तो माणूस घरच्यांना परत मिळाला होता, आणि त्यांनी त्याला रीतसर ठेवलं होतं.

ख्रिस्ती मंडळ्यांसाठी हे काम कुटुंबापुरतं राहिलं नव्हतं. दुसऱ्या शतकातला अरिस्तिदेस आपल्या निवेदनात सांगतो की त्यांच्यातला गरीब मेला की ज्याला जसं जमेल तसा तो त्याच्या दफनाला हातभार लावतो. तर्तुलियन मासिक वर्गणीचा हिशेब देतो: गरिबांचं पोट, गरिबांचं दफन, अनाथ पोरं, म्हातारे नोकर, आणि खाणींत, बेटांवर, तुरुंगांत असलेले बांधव. थडगी असलेल्या जागेला त्यांनी दिलेला ग्रीक शब्द म्हणजे निजायची जागा. स्तेफनाला दगडमार झाल्यावर भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी ऊर बडवून आक्रोश केला, हे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत एका ओळीत आहे. पुरणं आणि रडणं ही जोडी तेव्हापासूनची.

सहा दिवस

कोठडीत गुदमरून मेलेल्यांना आधी कुत्र्यांपुढे टाकलं, आणि कुणी पुरू नये म्हणून रात्रंदिवस राखण ठेवली. मग आखाड्यातून आलेले अवशेष त्यांच्यासोबत मांडले. बघायला येणाऱ्यांचे प्रकार पत्र टिपतं. काही दात खात होते, आणखी काही सूड घेता येईल का पाहत होते. काही हसत होते आणि हे आमच्या देवांचं काम म्हणत होते. आणि काही जरा कळवळ्याचे होते. ते म्हणत, कुठे आहे यांचा देव, आणि जिवापेक्षा मोठा मानलेला धर्म यांना काय देऊन गेला? हा शेवटचा गट मला सर्वांत खरा वाटतो. असा शेजारी कुठल्याही गावात असतो.

पुढचं वाक्य असं: आम्हाला मोठं दुःख याचं होतं की आम्ही ते देह मातीआड करू शकलो नाही, रात्रीने साथ दिली नाही, पैशाने कुणी वळलं नाही, विनवणीने कुणाला पाझर फुटला नाही.

पाठ्यपुस्तकात हे वाक्य एका दमात वाचून होतं. पण त्यात तीन प्रयत्न दडलेत. कुणीतरी अंधारात तिथवर गेलं होतं. कुणीतरी पैसे गोळा करून शिपायाच्या हातावर ठेवू पाहिले होते. आणि कुणीतरी तोंड उघडून मागितलं होतं, म्हणजे या देहांशी आपलं नातं आहे हे कबूल केलं होतं, तेही अशा शहरात जिथे तेवढ्यावरून आत टाकत होते. या माणसांची नावं पत्रात नाहीत. त्यांतले काही कदाचित तेच असतील जे हे पत्र लिहायला बसले.

आता पहाऱ्याचं कारण. पत्रकर्ते ते विरोधकांच्या तोंडी घालतात: यांना पुनरुत्थानाची आशा राहू नये; त्याच भरवशावर हे परका, नवा धर्म आणतात, छळाला जुमानत नाहीत आणि आनंदाने मरायला तयार होतात; आता बघू कसे उठतात, आणि यांचा देव यांना आमच्या हातून सोडवतो का. हे शब्द कुणी तसेच उच्चारले होते की नाही, ते बाजूला ठेवू. कृती मात्र या तर्काशी जुळते. नुसता अपमान करायचा असता तर सहा दिवस उघड्यावर ठेवणं पुरेसं होतं. जाळणं, राख झाडून घेणं, ती वाहत्या पाण्यात सोडणं, ही क्रमवार खटपट आहे. मागे काही म्हणजे काही उरू नये, अशी.

स्मुर्णाची हाडं

यात स्मुर्णाची गोष्ट आणल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर स्मुर्णाचा, म्हणजे आजच्या इझमीरचा, वृद्ध बिशप पॉलिकार्प असाच आखाड्यात मारला गेला. तिथल्या मंडळीनेही पत्र लिहिलं, फिलोमेलियमच्या मंडळीला. त्यात आहे की अनेकांना तो देह हवा होता. पण निकेतेस नावाच्या माणसाकरवी अधिकाऱ्याला सांगण्यात आलं, देह देऊ नका, नाहीतर हे लोक क्रुसावरच्याला सोडून याचीच पूजा करायला लागतील. शताधिपतीने देह मधोमध ठेवून जाळला. ‘त्यानंतर आम्ही त्याची हाडं उचलली’, असं पत्र म्हणतं; ती रत्नांहून मोलाची, सोन्याहून चोख. योग्य जागी ठेवली. तिथे जमून त्याच्या साक्षीचा जन्मदिन आनंदाने पाळायचा, आधी झुंजलेल्यांच्या आठवणीसाठी आणि पुढे झुंजणाऱ्यांच्या तयारीसाठी, असं त्यांनी ठरवलं.

स्मुर्णात जाळल्यावर हाडं उरली आणि उरलेल्या हाडांभोवती मंडळी जमली. ल्योंमध्ये त्याच्या पुढची पायरी गाठली, हाडांची राख केली आणि राखही ठेवली नाही. ल्योंच्या अधिकाऱ्यांना स्मुर्णाचं ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण ल्योंच्या ख्रिस्ती लोकांना ते ठाऊक नसणं कठीण आहे. त्यांच्या मंडळीतला एक वडीलधारा धर्मसेवक, इरेनियस, लहानपणी पॉलिकार्पला ऐकत बसलेला होता. ती आठवण त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. स्मुर्णाला काय मिळालं होतं हे माहीत असलेल्या माणसांना रोनच्या काठी काहीच मिळालं नाही.

याच्या बरोबर उलट आवाज त्याच परंपरेत आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस कैदी म्हणून रोमला जाताना स्मुर्णात थांबला, पॉलिकार्पला भेटला, आणि तिथून रोमच्या मंडळीला लिहिलं: श्वापदांनाच गोंजारा, म्हणजे ती माझी कबर होतील आणि माझ्या देहाचं काही मागे ठेवणार नाहीत, निजल्यावर मला कुणाला भार व्हायचं नाही. म्हणजे मरणाऱ्याला कबर नको होती. हवी होती ती मागे राहणाऱ्यांना.

राख आणि पाणी

इथे मराठी वाचक जरा अडखळतो, निदान मी अडखळलो. आपल्याकडे राख आणि अस्थी नदीत सोडणं हाच शेवटचा संस्कार. नाशिकला रामकुंडावर त्यासाठी लांबून माणसं येतात. तीच कृती ल्योंमध्ये निखळ विटंबना म्हणून केली गेली. आणि देह न मिळाल्यावर काय करायचं, याची तजवीज आपल्या धर्मशास्त्राने करून ठेवली आहे: पळसाच्या पानांचा, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, पालाशविधी. ल्योंच्या मंडळीजवळ असा कुठलाही पर्यायी विधी नव्हता. रिकाम्या हातांनी काय करायचं ते त्यांना नव्याने शोधावं लागलं.

श्रद्धेच्या बाजूने त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मिनुसियस फेलिक्स या ख्रिस्ती लेखकाच्या संवादात ख्रिस्ती पात्र जे उत्तर देतं ते या राखेलाही लागू पडतं: देह सुकून धूळ होवो, विरघळो, राख होवो की धूर, तो आपल्यापासून जातो, पण पंचमहाभूतांच्या ताब्यात देवासाठी राखलेला असतो, आम्ही जाळण्याला भिऊन पुरतो असं नाही, जुनी आणि चांगली चाल म्हणून पुरतो. पत्रातही राखेमुळे पुनरुत्थान हुकेल अशी पुसटशी शंका नाही. उलट विरोधकांना वाटलं की देवाला हरवलं, असा टोमणा आहे.

मग ‘मोठं दुःख’ कशाचं? माझं मत असं की ते मृतांच्या भवितव्याचं दुःख नव्हतंच. करायचं काम करता आलं नाही, याचं होतं. वर्गणी देणारे, अंग धुणारे, कापडात गुंडाळणारे, खणणारे हात सहा दिवस तिथे घुटमळले आणि परत आले. पत्र लिहिणाऱ्यांनी हे धर्मज्ञानाने झाकून टाकलं नाही. पुनरुत्थानाची खात्रीही लिहिली आणि मातीआड करता आलं नाही याची हळहळही, दोन्ही एकाच पानावर.

थडग्याऐवजी यादी

त्यांना अशी नव्याने सापडलेली गोष्ट म्हणजे पत्र. ते नुसतं कळवणं नव्हतं. युसेबियस पुढे सांगतो की त्यात एक यादी होती: शिरच्छेद झालेले, श्वापदांपुढे टाकलेले, तुरुंगात निजलेले, आणि अजून जिवंत असलेल्या कबुलीदारांची संख्या. एवढं सांगून तो म्हणतो, इथे ती उतरवून कशाला घेऊ, हवी त्याने मूळ पत्रात पाहावी. ते मी माझ्या रक्तसाक्ष्यांच्या संग्रहात घेतलंय, असंही तो सांगतो. तो संग्रह हरवला आणि यादीही त्याच्याबरोबर. इतिहासकाराच्या कंटाळ्याची ही किंमत वाचून दरवेळी हात चोळावेसे वाटतात.

पण यादी केली होती, हे महत्त्वाचं. कोण, आणि कसा गेला. थडग्यावर एवढंच कोरायचं असतं. शिवाय पत्र देहाऐवजी देहांचं वर्णन ठेवतं: सांक्टसच्या अंगाला लावलेले तापलेले पितळी पत्रे, खांबाला टांगलेली ब्लांदिना, लोखंडी खुर्चीवर भाजला जात असताना ‘माणसं खाणं म्हणतात ते हे, तुम्ही करताय ते’ असं गर्दीला सुनावणारा अत्तालस. जे धुवायचं, गुंडाळायचं होतं ते शब्दांनी एकेक करून हाताळलं आहे. असली वर्णनं आज अंगावर येतात. हे सगळं इतक्या तपशिलात कशाला, असं वाटतं. मला ते प्रेताला शेवटची आंघोळ घालण्यासारखं वाटतं.

पोथिनसनंतर इरेनियस ल्योंचा बिशप झाला. पाखंडांविरुद्धच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पाचवा भाग हाडामांसाच्या देहाचंच पुनरुत्थान होणार हे मांडण्यात गेलाय. ज्या शहराने देहाची राख नदीत सोडली त्याच शहरात बसून तो हे लिहीत होता. राखेचा उल्लेख तो करत नाही.

पुढच्या काळात दोन्ही बाजू यातून शिकल्यासारख्या वागल्या. २५० च्या छळात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन लपलेल्या जागेवरून आपल्या धर्मगुरूंना लिहितो की तुरुंगात मरणाऱ्यांचे मरणदिवस टिपून ठेवा, म्हणजे त्यांची आठवण पाळता येईल. देह मिळो न मिळो, तारीख हाती राहते. १४ सप्टेंबर २५८ ला तो स्वतः मारला गेला तेव्हा लोकांच्या कुतूहलामुळे देह आधी जवळच ठेवला, आणि रात्री मेणबत्त्या, मशाली घेऊन, प्रार्थना म्हणत, मोठ्या थाटाने माप्पालिया रस्त्यावरच्या एका खासगी जागेत नेऊन पुरला. त्याच्या आदल्याच वर्षी बादशहा व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जमायला बंदी केली होती. ३०३ मध्ये निकोमेडियात (आजच्या तुर्कस्तानातलं इझमित) राजवाड्यातल्या नोकरांना मारून रीतसर पुरलं गेलं होतं, तरी ते पुन्हा उकरून समुद्रात टाकण्यात आले. कारण जवळजवळ स्मुर्णाचंच: थडग्यात पडलेल्यांना हे देव मानून पुजतील.

ग्रेगरीची राख

ल्योंच्या प्रकरणाला चारशे वर्षांनी एक पुरवणी जोडली गेली. सहाव्या शतकात तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो की राख रोनमध्ये टाकल्यावर ख्रिस्ती लोक हवालदिल झाले होते. तेव्हा रक्तसाक्षी काही जणांना दर्शन देऊन म्हणाले, आमची राख इथून गोळा करा, आमच्यातला कुणी हरवलेला नाही. लोकांनी ती गोळा केली, आणि पुढे भव्य मंदिर बांधून वेदीखाली ठेवली.

पत्रात यातलं अक्षरही नाही. मंडळीला राख मिळाली असती तर आशिया प्रांताला ते आधी कळवलं असतं. ग्रेगरीच्या काळात मात्र वेदीखाली अवशेष नसलेलं चर्च कुणाला पटत नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या साक्षीच्या गावाजवळ दाखवायला थडगं नाही, हे तर मुळीच नाही. शिवाय हा त्याचा घरचाही मामला होता. आपल्या आजीचं घराणं तो व्हेत्तियस एपागाथसपर्यंत नेतो, त्या न्यायासनापुढे बोलायला उठलेल्या तरुणापर्यंत. आपल्या इतिहासात ल्योंच्या रक्तसाक्ष्यांचा आकडा तो ४८ देतो, आणि त्यांत पहिलं नाव व्हेत्तियस एपागाथसचं घेतो.